शाळेचे व्हाउचर: मोजले काय आणि वाचले काय

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात चौकाचौकांत फलक लागतात. 'आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के.' खाली पहिल्या पाच मुलांची छायाचित्रे, त्याखाली संस्थाचालकांची, आणि क्वचित एखाद्या कोपऱ्यात शिक्षकांची नावे. फलक वाचणारा पालक मनात साधा हिशेब करतो: शाळा चांगली, म्हणून मुले पास झाली. आपण शिक्षक मंडळी त्यावर हसतो, कारण नववीत किती मुलांच्या हाती दाखला ठेवला गेला हे आपल्याला ठाऊक असते. पण हाच हिशेब आलेख आणि टक्केवारी घेऊन, विद्यापीठाच्या नावाने समोर आला, की आपले हसू मावळते. शाळेच्या व्हाउचरविषयी गेली तीस-पस्तीस वर्षे जे अहवाल निघत आहेत, त्यांच्या बाबतीत असे वारंवार घडले आहे. या लेखात आम्ही अशा काही अभ्यासांची चिकित्सा करणार आहोत. व्हाउचर चांगले की वाईट, हा निवाडा देण्याचा आमचा हेतू नाही. अभ्यासकांनी नेमके काय मोजले आणि लोकांनी त्यातून काय वाचले, यात किती अंतर पडते ते पाहायचे आहे.

व्हाउचर म्हणजे काय ते आधी सांगू. एका मुलाच्या शिक्षणावर सरकार जो खर्च करते तो, किंवा त्याचा काही भाग, शाळेला न देता पालकाच्या हाती पावतीच्या रूपाने द्यायचा. पालकाने ती पावती पसंतीच्या खासगी शाळेत द्यायची आणि शाळेने ती सरकारकडे वटवायची. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली. पालकांना निवड मिळाली की शाळांत चढाओढ लागेल आणि सगळ्याच शाळा सुधारतील, असा त्यामागचा तर्क. तर्क ऐकायला सरळ आहे. खरा प्रश्न त्याच्या तपासणीचा आहे.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात १९९० साली गरीब कुटुंबांतील मुलांसाठी अशी योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी साडेतीनशेच्या आत मुले होती. मूल्यमापनाचे काम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जॉन विटी यांच्याकडे सोपवले गेले. त्यांनी व्हाउचर घेतलेल्या मुलांची तुलना शहरातील सरकारी शाळांतल्या मुलांशी केली. घरची परिस्थिती आणि आधीचे गुण लक्षात घेतल्यावर सातत्याने दिसेल असा फरक त्यांना आढळला नाही. १९९६ साली जे ग्रीन, पॉल पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच माहितीवर वेगळी तुलना केली. ज्यांनी अर्ज केला पण सोडतीत ज्यांचे नाव आले नाही, अशी मुले त्यांनी तुलनेसाठी घेतली. त्यांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाचन आणि गणित दोन्हींत प्रगती दिसली. पुढे १९९८ साली सेसिलिया राउस यांनी पुन्हा हिशेब मांडला. त्यात गणितात प्रगती निघाली, वाचनात नाही. शहर एक, मुले तीच, चाचण्याही त्याच. उत्तरे मात्र तीन.

हा गोंधळ कशामुळे झाला? मुलाला कोणाच्या शेजारी उभे करून त्याची उंची मोजली, यामुळे. आपल्या मुलासाठी अर्ज भरणारा, कागदपत्रे गोळा करणारा, वेळेवर रांगेत उभा राहणारा पालक हा मुळातच वेगळा असतो. त्याचे मूल कोणत्याही शाळेत थोडे पुढेच राहिले असते. मग जी प्रगती दिसते ती शाळेची की पालकाच्या धडपडीची? या कोड्यावर सोडत हा सुरेख उपाय आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि चिठ्ठ्या टाकून निवड झाली, की नाव आलेली आणि न आलेली मुले सरासरीने सारखीच असतात. दोघांचेही पालक धडपडे, दोघांचीही परिस्थिती सारखी. फरक उरतो तो नशिबाचा. म्हणून राउस आणि ग्रीन यांचा मार्ग तत्त्वतः विटींच्या मार्गापेक्षा बरा होता. पण नाव न आलेली बरीच मुले मधल्या काळात शहराच्या सरकारी शाळांतून निघून गेली होती, त्यांचे गुण मिळाले नाहीत, आणि जी उरली ती सगळ्यांचे प्रतिनिधित्व करत होती का हे सांगणे कठीण झाले. सोडत शुद्ध असली तरी तिच्यानंतर मुले गळू लागली की शुद्धता टिकत नाही.

यावर मात करण्यासाठी १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये जो प्रयोग झाला तो आम्हाला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शिकवून जाणारा वाटतो. खासगी देणग्यांतून उभ्या राहिलेल्या एका प्रतिष्ठानने गरीब कुटुंबांना वर्षाला १४०० डॉलरपर्यंतच्या सुमारे १३०० शिष्यवृत्त्या देऊ केल्या. वीस हजारांहून अधिक मुलांचे अर्ज आले. सोडतीआधी मुलांची चाचणी झाली, नंतर चिठ्ठ्या पडल्या, पुढे तीन वर्षे दोन्ही गटांतील मुलांना बोलावून पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या गेल्या. मोजमाप हार्वर्डचे पीटरसन यांचा गट आणि मॅथमॅटिका ही संशोधनसंस्था मिळून करत होते.

सर्व मुले एकत्र घेतली तर फरक दिसला नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण वर्तमानपत्रांनी ते ठेवले नाही. मग मुलांचे गट पाडून पाहिले गेले. स्पॅनिशभाषक कुटुंबांतील मुलांत फरक नव्हता. कृष्णवर्णीय मुलांत होता. ऑगस्ट २००० मध्ये पीटरसन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि डेटन या तीन शहरांचे आकडे एकत्र करून जाहीर केले की दोन वर्षांनंतर खासगी शाळेत गेलेली कृष्णवर्णीय मुले सुमारे सहा शततमकांनी पुढे आहेत. (शंभर मुले गुणांनुसार रांगेत उभी केली तर सहा जागा पुढे, असा याचा ढोबळ अर्थ.) ते अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते, आणि कॅलिफोर्निया व मिशिगनमध्ये व्हाउचरवर सार्वमत व्हायचे होते. बातमी देशभर गाजली. महिन्याभरात खुद्द मॅथमॅटिकाने सावधगिरीचे पत्रक काढले: न्यूयॉर्कमधला फरक मुख्यतः सहावीच्या एका इयत्तेत दिसतो आहे, बाकीच्या इयत्तांत नाही, तेव्हा निष्कर्ष काढण्याची घाई नको. अर्थात तोवर निष्कर्ष निघून गेलेला होता.

गट पाडून पाहण्यात काय धोका आहे, हे वर्गात सहज दाखवता येते. आम्ही करून पाहिले आहे. गेल्या वर्षीच्या गणिताच्या गुणांची यादी घ्यावी. चाळीस मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून वीस-वीसचे दोन गट पाडावेत, आणि एका गटाला 'व्हाउचर मिळाले' असे नुसते म्हणावे. परीक्षा केव्हाच होऊन गेली आहे, तेव्हा व्हाउचरचा परिणाम शून्यच असणार. सरासऱ्यांत दोन-चार गुणांचा फरक येतो, तो सोडून द्यावा. आता तीच यादी मुले-मुली, पुढच्या बाकावरचे-मागच्या बाकावरचे, एसटीने येणारे-गावातले अशी फोडत जावी. पाच-सहा प्रकारे फोडल्यावर एखादा छोटा गट असा सापडतोच की ज्यात 'व्हाउचर'वाली मुले दहा-अकरा गुणांनी पुढे आहेत. आमच्या यादीत ती एसटीने येणारी मुले निघाली. त्यावर लगेच स्पष्टीकरणही सुचले, की प्रवासाने चिकाटी वाढत असावी! गट जितका लहान तितके त्यातले चढउतार मोठे, एवढाच त्याचा अर्थ होता.

न्यूयॉर्कची मुले चाळीस नव्हती आणि संशोधक संख्याशास्त्र आपल्यापेक्षा चांगले जाणत होते, हे मान्य. तरीही प्रश्न सुटला नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अॅलन क्रूगर आणि पेई झू यांनी मूळ आकडे मागवून पुन्हा तपासले आणि २००४ साली आपले निष्कर्ष छापले. त्यांनी दोन गोष्टी हेरल्या. पहिली अशी की बालवर्गातील मुलांची सोडतीआधी चाचणी झालेली नव्हती, म्हणून मूळ हिशेबातून ती वगळली गेली होती. पण सोडत झाली असेल तर आधीच्या गुणांची गरजच नसते. गट चिठ्ठ्यांनी आपोआप सारखे झालेले असतात. आधीचे गुण हाती असले तर अंदाज अधिक नेमका होतो एवढेच. मग इतक्या मुलांना बाहेर का ठेवायचे? दुसरी गोष्ट: मूल कृष्णवर्णीय की नाही हे केवळ आईच्या उत्तरावरून ठरवले होते. वडील कृष्णवर्णीय आणि आई स्पॅनिशभाषक असेल तर ते मूल दुसऱ्या गटात जाई. क्रूगर आणि झू यांनी बालवर्गाची मुले आत घेतली, आई किंवा वडील यांपैकी कोणीही कृष्णवर्णीय असेल तर मूल त्या गटात धरले, आणि गाजलेला फरक इतका लहान झाला की योगायोगाने पडणाऱ्या फरकापासून तो वेगळा काढता येईना.

पीटरसन गटाने याला उत्तर दिले. गट ठरवण्याचे नियम मागाहून बदलणे योग्य नाही, आणि आधीचे गुण असलेल्या मुलांचाच हिशेब भरवशाचा, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला क्रूगर-झू यांची बाजू अधिक पटते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणीही लबाडी केलेली नव्हती. दोन्ही बाजूंचे निर्णय समर्थन करता येण्याजोगे होते. जो निष्कर्ष अशा दोन साध्या निर्णयांवर डोलतो, त्यावर एखाद्या देशाचे शालेय धोरण उभे करावे का, हा प्रश्न मात्र उरतो. पुढे २०१२ साली याच मुलांपैकी किती महाविद्यालयात गेली ते मॅथ्यू चिंगोस आणि पीटरसन यांनी पाहिले. पुन्हा एकूण मुलांत ठळक फरक नाही, कृष्णवर्णीय मुलांत आहे. ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण तिलाही वरचीच कसोटी लागू आहे.

येथे एका वेगळ्या घोटाळ्याचा उल्लेख करतो, कारण अहवाल वाचताना तो हमखास होतो. व्हाउचर 'मिळाले' आणि व्हाउचर 'वापरले' या दोन गोष्टी आहेत. समजा, शंभर मुलांना मिळाले आणि साठांनी वापरले. सोडतीतून न निवडलेल्या मुलांपेक्षा या शंभरांची सरासरी तीन गुणांनी जास्त निघाली. म्हणजे एकंदर तीनशे गुणांची भर. न वापरणाऱ्या चाळीसांना काहीच फरक पडला नसेल असे मानले, तर ती सारी भर साठांचीच, म्हणजे प्रत्येकी पाच गुण. तीन हेही बरोबर, पाच हेही बरोबर. पण योजना आखणाऱ्या अधिकाऱ्याला तीन हवेत आणि पालकाला पाच. जाहिरातीत बहुधा पाच येतात. वॉशिंग्टन शहरातील २००४ सालच्या योजनेच्या अंतिम अहवालात, २०१० साली, शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण व्हाउचर मिळालेल्यांत ८२ टक्के आणि न मिळालेल्यांत ७० टक्के निघाले; वापरणाऱ्यांचा हिशेब केला तर वाढ २१ टक्क्यांची. परीक्षेतील गुणांत मात्र निर्णायक फरक नव्हता. आणि शिक्षण पूर्ण झाल्याची माहिती पालकांना विचारून घेतलेली होती, शाळेच्या दप्तरातून नव्हे. एवढी तळटीप किती जणांनी वाचली असेल?

लुइझियाना राज्यात २०१२ साली योजना राज्यभर लागू झाली तेव्हा गणित उलटेच झाले. अब्दुलकादिरोग्लू, पाठक आणि वॉल्टर्स यांनी सोडतीच्या आधारे दाखवले की व्हाउचर घेऊन गेलेली मुले वर्षभरात गणितात सुमारे ०.४ प्रमाण विचलनाने मागे पडली. शिक्षणातल्या प्रयोगांत इतका मोठा फरक, तोही तोट्याचा, फार विरळा. चौकशी करता असे दिसले की योजनेत आलेल्या खासगी शाळांपैकी बऱ्याच शाळांची पटसंख्या आधीपासून घसरत होती. ज्या शाळेकडे पालकांची रांग आहे ती व्हाउचरची वाट पाहत नाही. जिच्या वर्गखोल्या ओस पडल्या आहेत ती पाहते. दुसरीकडे कोलंबियात १९९१ ते १९९७ या काळात सव्वा लाख मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी व्हाउचर मिळाले आणि तेथे निवड झालेली मुले आठवी पूर्ण करण्यात दहा टक्क्यांनी पुढे राहिली. पण तेथे सरकारी माध्यमिक शाळांत जागाच अपुऱ्या होत्या, आणि वर्ष पास झाले तरच व्हाउचर पुढे चालू राही. नापास झालो तर पैसे बंद, ही धास्ती अभ्यासाला लावते ती वेगळीच. तेव्हा 'व्हाउचरचा परिणाम' असे एकवचनी काही नसते.

आता सोडतीची एक मोठी मर्यादा. चिठ्ठ्या टाकून आपण शंभर मुलांचे काय झाले ते पाहतो, मागे राहिलेल्या वर्गाचे काय झाले ते नाही. आपल्या वर्गातली पाच चटपटीत मुले निघून गेली की उरलेल्या वर्गाचा नूर बदलतो, हे शिक्षकाला सांगायला नको. चिलीने १९८१ साली सगळ्याच मुलांना व्हाउचर खुले केले. हजारावर नव्या खासगी शाळा उघडल्या, खासगी शाळांतील मुलांचे प्रमाण वीस टक्क्यांनी वाढले. चांग-ताई शिए आणि मिगेल उर्किओला यांनी सुमारे दीडशे नगरपालिकांची आकडेवारी घेऊन २००६ साली दाखवले की सरासरी शिकणे सुधारल्याचा पुरावा नाही; सरकारी शाळांतली पुढची मुले खासगीत गेली आणि मुलांची चाळणी मात्र झाली. ज्या शाळेत चांगली मुले गेली तिचा निकाल चांगला लागला. आपल्या चौकातला फलक आठवावा.

ही मर्यादा ओलांडणारा प्रयोग आपल्या शेजारी झाला आहे. आंध्र प्रदेशात २००८ साली अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या सहकार्याने पाच जिल्ह्यांतली १८० गावे घेतली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या संशोधकांनी दोनदा चिठ्ठ्या टाकल्या. आधी गावांच्या: नव्वद गावांत व्हाउचर, नव्वद गावांत नाही. मग व्हाउचरच्या गावांत अर्जदार मुलांच्या. यामुळे नाव न आलेल्या मुलाची तुलना, ज्या गावात व्हाउचर आलेच नाही तिथल्या अर्जदार मुलाशी करता आली. मागे राहिलेल्यांचे नुकसान झाले का, आणि खासगी शाळेतल्या जुन्या मुलांना नव्यांच्या येण्याने त्रास झाला का, ही दोन्ही उत्तरे मिळाली. दोन्ही 'नाही' अशी. रचना म्हणून हा प्रयोग आम्हाला न्यूयॉर्कपेक्षाही देखणा वाटतो. नाव आलेल्यांपैकी साधारण साठ टक्क्यांनीच व्हाउचर स्वीकारले, हेही नोंदवून ठेवू.

चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात फरक नाही. इंग्रजीत, जिच्यासाठी पालक पोटाला चिमटा घेऊन शुल्क भरतात तिच्यात, ठळक फरक नाही. परिसर अभ्यासातही नाही. फक्त हिंदीत व्हाउचरची मुले अर्ध्या प्रमाण विचलनाहून पुढे, आणि हिंदी त्या सरकारी प्राथमिक शाळांत शिकवलीच जात नव्हती. संशोधकांनी वेळापत्रके तपासली तेव्हा आढळले की खासगी शाळा तेलुगूला चाळीस टक्के आणि गणिताला बत्तीस टक्के वेळ कमी देत होत्या, तरी त्या विषयांत मुले मागे पडली नव्हती. वाचलेला वेळ इंग्रजी, परिसर अभ्यास आणि विशेषतः हिंदीकडे गेला होता. शिवाय दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. यावरून लेखकांचा निष्कर्ष असा की खासगी शाळा तेवढेच किंवा किंचित जास्त शिकवतात, तेही बऱ्याच कमी पैशात.

मोजमापाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती निष्कर्षातल्या तराजूबद्दल. हिंदीतला एक गुण आणि गणितातला एक गुण सारख्याच वजनाचे मानायचे का? तेलुगू मुलुखातल्या खेड्यातल्या दहा वर्षांच्या मुलीला कशाचा उपयोग जास्त, हे संख्याशास्त्र ठरवत नाही. खर्चाचेही तसेच. खर्च कमी आहे कारण त्या शाळांत शिक्षकाचा पगार सरकारी शिक्षकाच्या एक षष्ठांशाहूनही कमी होता. बहुतेक गावातल्याच तरुण मुली, फारसे प्रशिक्षण नसलेल्या. त्यांनी एवढ्यावर एवढे शिकवले हे त्यांचे कौतुक आहे, आणि सरकारी शाळेत सहापट पगार घेणाऱ्या आपल्याला ते विचारात पाडणारे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तालेवार शाळांपर्यंत सगळीकडे हाच पगार चालवला तर उद्या शिकवायला कोण येईल, हा प्रश्न चार वर्षांच्या प्रयोगात मावत नाही.

याच अभ्यासात असेही सुचवले आहे की तेलुगू माध्यमाच्या खासगी शाळेत गेलेल्या मुलांना फायदा झाला असावा आणि इंग्रजी माध्यमात गेलेल्यांना तोटा. मातृभाषेचे शिक्षण मानणाऱ्या आम्हाला हे वाचून आनंद झाला, आणि म्हणूनच येथे थांबून सांगणे भाग आहे की माध्यमाची चिठ्ठी कोणी टाकली नव्हती. न्यूयॉर्कच्या गटांना जी शंका लावली तीच येथेही लागू होते. लेखकांनीही हा निष्कर्ष सावधपणेच मांडला आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असतात आणि शुल्काची प्रतिपूर्ती सरकार करते. नाव वेगळे असले तरी ते व्हाउचरचेच भावंड आहे, आणि प्रवेश होतो तो सोडतीने. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून वगळले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयापुढचा प्रश्न हक्काचा होता आणि तो तसाच असायला हवा. पण बाहेर जी चर्चा झाली तीत, या जागांवर गेलेली मुले काय शिकली याबद्दलचे आकडे आमच्या तरी वाचनात आले नाहीत. छत्तीसगडमध्ये मौरिसियो रोमेरो आणि अभिजीत सिंग यांनी असे पाहिले, तेव्हा बहुसंख्य अर्जदार मुले राखीव जागा न मिळताही खासगी शाळेतच गेली असती असे आढळले. आपल्याकडेही तसेच आहे का?

सोडतीच्या याद्या दर वर्षी निघतात, निवड झालेल्यांच्या आणि प्रतीक्षेतल्यांच्याही. निवडीत अंतराला प्राधान्य असल्यामुळे आणि एका मुलासाठी अनेक शाळांचे पर्याय भरता येत असल्यामुळे तुलना त्याच शाळेच्या, तेवढ्याच अंतरावरच्या अर्जदारांत करावी लागेल. एवढी काळजी घेतली तर एका तालुक्यापुरते हे काम एखाद्या अध्यापक विद्यालयाला वर्षभरात करता येण्याजोगे आहे. चौथीच्या अखेरीस दोन्ही याद्यांतल्या मुलांना मराठी आणि गणिताची एकच चाचणी द्यायची. निवड झालेली मुले शोधणे सोपे आहे, त्यांची नावे शाळेच्या पटावर असतात. अवघड आहे ते नाव न आलेल्यांना शोधणे. त्यांतली काही शुल्क भरून दुसरीकडे गेली असतील, काही आईवडिलांबरोबर गाव सोडून गेली असतील, आणि काही आज आपल्यापैकी कोणाच्या तरी जिल्हा परिषदेच्या वर्गात बसलेली असतील.